अहो, अगं आणि झी

जर्मनीत मराठी घर चालवायचे म्हटले की मुलांच्या भाषेचा, सणावारांचा आणि आजोळच्या ओढीचा प्रश्न येणार, हे आम्ही गृहीत धरले होते. मोठ्या माणसांना हाक कशी मारायची हा मात्र स्वतंत्र विषय होऊन बसेल आणि तो बालवाडीपासून अकरावीपर्यंत पुरून उरेल, असे ध्यानीमनीही नव्हते. थोरली मुलगी आता अकरावीत आहे आणि धाकटा मुलगा पहिलीत. मुलीच्या वेळी जे चाचपडत ठरवले, ते मुलाच्या वेळी सवयीने होते आहे. काही गाठी मात्र अजून सुटलेल्या नाहीत.

जर्मन बालवाडीत, म्हणजे 'किटा'त, मूल पहिल्याच दिवशी सोडून येता येत नाही. 'आइनगेव्होनुंग' नावाचा रुळण्याचा काळ असतो. त्यात आई किंवा वडील वर्गाच्या कोपऱ्यात बसून राहतात, मग थोडा वेळ बाहेर जातात, मग जरा जास्त वेळ, असे करत काही आठवड्यांत मूल एकटे राहू लागते. त्या कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसून मला सगळा व्यवहार जवळून पाहता आला. शिक्षिका जमिनीवर बसून मुलीच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या आणि त्यांनी स्वतःचे फक्त पहिले नाव सांगितले. स्वयंपाकघरातल्या बाई, शिकाऊ तरुण, खुद्द किटाच्या प्रमुख, सगळेच तिथे पहिल्या नावाने ओळखले जात होते आणि जेमतेम बोलू लागलेली मुले त्या सर्वांना 'डू', म्हणजे आपले 'तू', म्हणत होती. मी लहान असताना 'बाई' हे आमच्या बाईंचे नावच आहे अशी माझी समजूत होती, त्यामुळे पन्नाशीतल्या स्त्रीला एवढ्याशा पोरीने नुसत्या नावाने पुकारणे कानाला टोचत होते. नावाआधी 'फ्राऊ', म्हणजे आपले 'श्रीमती', लावले तर चालेल का, असे मी प्रमुखांना विचारले. काही किटांमध्ये 'फ्राऊ' आणि पुढे पहिले नाव अशी पद्धत आहे, असे त्यांनी सांगितले. पण बूट घालून हवेत किंवा शू लागली आहे हे सांगताना मुलाला आधी संबोधन आठवावे लागू नये, एवढीच आमची इच्छा असते, असेही त्या म्हणाल्या. या उत्तरावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

घरी मात्र आम्ही एक नियम केला. नवऱ्याचे म्हणणे होते की स्थळ पाहून रीत बदलायला मुलांना सांगू नये, कारण स्थळे मिसळतात; भाषा पाहून रीत बदलायला सांगावे. ज्या भाषेत बोलायचे, त्या भाषेची रीत पाळायची. जर्मनमध्ये शिक्षिकेला नावाने हाक मारलेली चालेल, पण मराठीत बोलताना कोणत्याही मोठ्या माणसाचे नाव नुसते घ्यायचे नाही. त्याला नाते जोडायचे. ऐकायला हे सोपे वाटते आणि बहुतेक वेळा ते खरोखर सोपे निघाले. दोन भाषांत वाढणारी मुले वाक्याची चाल जशी भाषेबरोबर बदलतात, तशीच अदबही बदलतात. त्यात त्यांना ढोंग वाटत नाही. अवघडलेपण सगळे आपल्या बाजूला असते.

खरी अडचण संबोधनात आलीच नाही, ती क्रियापदात आली. मुलगी आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना व्यवस्थित 'तुम्ही' म्हणत असे आणि कॉल संपला की मला सांगत असे, "आजोबा झोपायला गेला." सुरुवातीला हसू आले. मग लक्षात आले की ती जर्मनच्या चालीने वागत आहे. जर्मनमध्ये आदर समोरासमोर असतो. शिक्षिकेशी बोलताना 'झी', म्हणजे आपले 'तुम्ही', वापरले, तरी ती पाठ फिरवून गेली की तिच्याबद्दल बोलायचे ते साध्या एकवचनात. 'फ्राऊ अमुक आली' असेच तिथे म्हणतात आणि त्यात कुणाला उणे वाटत नाही. मराठीत माणूस खोलीतून गेला म्हणून त्याचे आदरार्थी बहुवचन जात नाही. बाई आल्या, बाबा रागावले, काका उद्या येणार आहेत: माणूस समोर असो वा नसो, क्रियापद वाकतेच. म्हणजे मराठी मुलाला केवळ हाक शिकवून भागत नाही, पाठीमागे कसे बोलायचे तेही शिकवावे लागते. आमच्या घरात ही शिकवणी कित्येक वर्षे चालली आणि ती जेवणाच्या टेबलावर, वाक्य मध्येच थांबवून, 'गेला' नव्हे 'गेले', अशीच झाली. याला दुसरा मार्ग मला सापडला नाही.

त्या दुरुस्त्यांतूनच मुलीचा पहिला अवघड प्रश्न आला. आजोबा 'गेले', तर मग आजी 'गेली' कशी? आमच्या घरी आजीला सगळे 'ए आजी' म्हणतात आणि तिच्याबद्दल एकेरीच बोलतात. आजोबांना 'अहो आजोबा'. माझ्या पिढीत बहुतेक घरांत आई 'ए आई' होती आणि वडील 'अहो बाबा'. आई जवळची म्हणून एकेरी, असे आपण मोठ्या प्रेमाने सांगतो, आणि ते खोटे नाही. पण घरातल्या पुरुषाला बहुवचन आणि बाईला एकवचन, हा हिशेब लहान मुलीलाही दिसतो. मी तिला प्रेमाचे कारण सांगितले. तिने विचारले की मग बाबाला आम्ही 'ए बाबा' का म्हणतो, तो लांबचा नाही का? तो एकेरी झाला, कारण त्यानेच तसे ठरवले. आज कितीतरी मराठी घरांत वडील एकेरीवर आले आहेत. मुलगी ज्या टोकाला बोट ठेवत होती ते तसेच राहिले. आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला अहोजाहो करू नका, परक्यासारखे वाटते." हे खरे उत्तर होते आणि पुरेसे नव्हते.

प्राथमिक शाळेत गेल्यावर जर्मन बाजूला पायऱ्या सुरू झाल्या. शिक्षिका आता 'फ्राऊ' आणि आडनाव अशा झाल्या. पहिले नाव मागे पडले. पण सर्वनाम लगेच बदलले नाही. पहिलीतली मुले 'फ्राऊ अमुक, तू मला मदत करशील का?' या धाटणीची वाक्ये सर्रास बोलतात, आणि आमच्या शाळेत पालकसभेत शिक्षिकेने स्पष्ट केले होते की ती याबद्दल कुणाला टोकणार नाही. याला भाषेचेही कारण आहे. जर्मनमध्ये 'ती', 'ते लोक' आणि आदरार्थी 'आपण' या तिघांना उच्चारात एकच शब्द आहे, 'झी'. लिहिताना आदरार्थी 'झी'चे पहिले अक्षर मोठे काढतात, पण अजून लिहायलाच शिकत असलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग? त्याला ऐकू येते ते असे की बाईंशी बोलताना बाईंना 'ते लोक' म्हणायचे. दुसरी-तिसरीपर्यंत बहुतेकांना ते उमगते. माझ्या मुलीला ते वर्गात सर्वांत आधी जमले, आणि याचे श्रेय मी निःसंकोचपणे टेबलावरच्या मराठी दुरुस्त्यांना देते: एका माणसासाठी अनेकवचन वापरता येते, ही कल्पना तिला नवी नव्हती.

मुलांच्या मित्रमैत्रिणींच्या पालकांचा प्रश्न मला जास्त काळ छळत राहिला. जर्मन मुले मैत्रिणीच्या आईला पहिल्या नावाने आणि 'डू' म्हणून हाक मारतात. आमच्या दारात वाढदिवसाला आलेली मुले मला माझ्या नावाने पुकारत आणि मी प्रत्येक वेळी क्षणभर दचकत असे. माहेरीसुद्धा मला नुसत्या नावाने हाक मारणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. शेजारच्या वृद्ध बाईंकडून कळले की त्यांच्या लहानपणी आईवडिलांच्या मित्रमंडळींना 'टांटे' आणि 'ओंकेल', म्हणजे मावशी-काका, म्हणण्याची पद्धत चांगलीच रुळलेली होती; पुढे ती मागे पडली. त्याच बाईंनी सांगितले की शाळेत अविवाहित शिक्षिकेला 'फ्रॉइलाइन' म्हणावे लागे, मग ती साठीची का असेना. पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने १९७२ मध्ये सरकारी व्यवहारातून तो शब्द काढला आणि विवाहित-अविवाहित असा भेद न करता प्रत्येक प्रौढ स्त्रीला 'फ्राऊ' म्हणायचे ठरले. शेजारच्या बाईंना याचा आनंद होता. 'टांटे' गेल्याची मात्र त्यांना जराशी हळहळ होती, आणि माझ्या मुलीने 'टांटे' म्हणावे असे त्यांनी एकदा सुचवूनही पाहिले. मुलीला तो शब्द जुन्या गोष्टींच्या पुस्तकातला वाटला. शेवटी ती त्यांना 'डू' म्हणत राहिली आणि मी 'झी'. त्या वयाने मोठ्या, म्हणून जर्मन रिवाजाप्रमाणे 'डू' देऊ करण्याचा अधिकार त्यांचा. तो त्यांनी बऱ्याच वर्षांनी वापरला, रीतसर हात पुढे करून. तोपर्यंत जिन्यात एकाच संभाषणात आई अहोजाहो करते आणि पोर अरेतुरे, असा उलटा देखावा होता.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत याच्या अगदी विरुद्ध चित्र असे. तिथे दाराशी भेटणारा प्रत्येक पुरुष काका, आणि बाई मावशी किंवा काकू. मुलीची एक जर्मन मैत्रीण एकदा आमच्याबरोबर आली होती, तिने शांतपणे विचारले की हे सगळे खरोखर तुमचे नातेवाईक आहेत का. मावशी कुणाला आणि काकू कुणाला, याचाही उलगडा करावा लागला: आईची मैत्रीण ती मावशी, बाबाच्या मित्राची बायको ती काकू, आणि जिला काकू म्हटलेले आवडत नाही ती ताई. शेवटचा वर्ग दर वर्षी वाढतो आहे, एवढे इथे नमूद करते. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवते. तिथेही मुलांनी आम्हांला काय म्हणायचे यावर पालकांची एक लांबलचक बैठक झाली. 'बाई' आणि 'गुरुजी' आता कुणाच्या तोंडी नाहीत, 'मॅडम' आणि 'सर' म्हणायचे तर इंग्रजी शब्दांसाठी मराठी शाळा कशाला, आणि नुसते नाव कुणालाच पचेना. तेव्हा 'ताई' आणि 'दादा' ठरले. मुलांनी ते विनातक्रार उचलले. तक्रार आली ती एका आजोबांची, गुरूला दादा म्हणायचे म्हणजे काय म्हणून.

त्या बैठकीसाठी थोडे वाचन केले होते, त्यातले एक इथे सांगण्यासारखे आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० साली युरोपीय भाषांतल्या 'तू' आणि 'तुम्ही'च्या वापराची मांडणी केली. त्यांच्या मते ही निवड दोन गोष्टींवर ठरते, अधिकार आणि आपलेपणा. आणि युरोपात अधिकाराची बाजू हळूहळू मागे पडून आपलेपणाची बाजू वरचढ झाली. स्वीडनमध्ये हे फार झपाट्याने झाले. पूर्वी तिथे समोरच्याला सर्वनाम लावणेच टाळत आणि पदवी घेऊन तृतीयपुरुषात बोलत, आपण 'साहेब चहा घेणार का' म्हणतो तसे. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड हे तिथल्या वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी आपण सर्वांना 'डू' म्हणणार असल्याचे जाहीर केले. बदल आधीच सुरू झालेला होता, पण त्यांचे नाव त्याला चिकटले. आज स्वीडिश मुले शिक्षकांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात. हे वाचल्यावर मला आमच्या घराचा पेच जास्त नीट कळला. मराठीत अधिकार आणि आपलेपणा या दोन टोकांना बांधलेल्या गोष्टी नाहीत. 'काका, तुम्ही बसा' या तीन शब्दांत माणूस घरचाही होतो आणि वरचाही. जर्मन 'झी' माणसाला वर नेत नाही. ते त्याला हातभर अंतरावर उभे करते, आणि स्वतःलाही तेवढ्याच अंतरावर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीआजोबांकडे मुलीची गाठ तिच्या आतेभावंडांशी पडते. ती अमेरिकेच्या दक्षिण भागात वाढली आहेत. तिथे 'येस मॅम', 'नो सर' हे मुलांच्या तोंडात बसवले जाते, आणि आईच्या मैत्रिणीला नुसते नाव न घेता त्याआधी 'मिस' लावून हाक मारतात. लुईझियाना राज्याने तर १९९९ मध्ये कायदाच केला की शाळेत विद्यार्थ्यांनी कर्मचाऱ्यांशी अशाच अदबीने बोलावे. आजोबांनी काही विचारले की आतेभाऊ 'येस सर' म्हणून उत्तर देई. आजोबा खूश होत. आजोबांना सर म्हणतात का, म्हणून माझी मुलगी त्याला हसे. त्यावर त्याने तिला विचारले की ती आपल्या शिक्षिकेला पहिल्या नावाने हाक मारत होती हे खरे का. तिने खरे म्हणून सांगितले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी किटाच्या बुटक्या खुर्चीत बसले असताना माझ्याही चेहऱ्यावर उमटले असणार. मग दोघांनी ठरवले की आजोबांशी इंग्रजी बोलायचेच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. मराठीत दोघांची रीत एक होती.

माध्यमिक शाळेत, पाचवीपासून, सर्व शिक्षकांना 'झी' हे पक्के झाले आणि विषय काही वर्षे शांत राहिला. तो पुन्हा उघडला अकरावीच्या सुरुवातीला. जर्मनीत विद्यार्थी साधारण सोळाचे झाले की शिक्षकांनीही त्यांना 'झी' म्हणावे, अशी पद्धत आहे. प्रत्यक्षात अनेक शिक्षक वर्गाला विचारतात की तुम्हांला 'डू' चालेल की 'झी' हवे. मुलीच्या वर्गाने बहुतेक शिक्षकांना 'डू' चालू ठेवायला सांगितले. एक शिक्षक मात्र विद्यार्थ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि सर्वनाम 'झी' वापरतात. या मिश्रणाला जर्मनीत हँबुर्गचे 'झी' म्हणतात. काल-परवापर्यंत ज्यांच्या तासाला गृहपाठ विसरल्याबद्दल बोलणी खाल्ली, त्याच शिक्षकांनी एका सकाळी सन्मानाने उत्तर विचारले, याचे मुलीला आधी हसू आले आणि मग ते आवडले. 'ते मला मोठी समजतात असे वाटले,' असे ती म्हणाली.

इथे मला दोन रीतींमधला सर्वांत मोठा फरक दिसला. जर्मन मूल वर्षानुवर्षे 'झी' देत राहते आणि एका वयाला ते त्याला परत मिळू लागते. मराठी मुलाला काकाकडून 'तुम्ही' कधीच परत मिळत नाही; पुतण्या साठीचा झाला तरी ऐंशीच्या काकांना तो 'अरे'च असतो, आणि त्याने दुसरे काही मागू नये. आपल्याकडे बहुवचन वयाने मिळत नसून नात्याने मिळते, याचा नमुना म्हणजे जावई. तो सासऱ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान असला तरी अनेक घरांत सासूसासरे त्याला 'अहो' म्हणतात, आणि त्याच घरात आलेली सून पहिल्या दिवसापासून 'अगं' होते. मुलीने आजीचे एकवचन विचारले होते, त्याच रांगेतली ही पुढची गोष्ट, आणि आता ती सोळाची असल्याने प्रश्न विचारत नाही, थेट मत देते.

तिच्या मताला गेल्या सुट्टीत चांगलेच खाद्य मिळाले. माझ्या मावसबहिणीचा नवरा जर्मन आहे. तो हौसेने मराठी शिकतो आणि बरे बोलतो. जर्मन कुटुंबात आजी-आजोबा, सासू-सासरे सगळेच 'डू' असतात; घरच्या माणसाला 'झी' म्हणणे म्हणजे त्याला घराबाहेर काढणे. त्यामुळे तो माझ्या वडिलांना सरळ 'आजोबा, तू कसा आहेस?' असे विचारतो. मुलीने त्याला जर्मनमध्ये समजावून सांगितले की मराठीत हे चालत नाही. तो म्हणाला, "मला ते माहीत आहे, पण मी तुमच्यातला आहे ना?" माझे बाबा हसले आणि त्याला तू म्हणू दे म्हणाले. मावशीला, म्हणजे त्याच्या सासूला, ते मुळीच रुचले नाही, पण जावयाला बोलणार कोण. ती स्वतः त्याला 'अहो' म्हणते. संध्याकाळी धाकट्याने आजोबांना 'तू' म्हणून पाहिले आणि त्याला ताबडतोब टोकले गेले.

मग मुलीने आमच्यासमोर मुद्दा मांडला. जर्मन काका मराठी बोलताना जर्मन रीत पाळतात आणि सर्वांना ते गोड वाटते. आम्ही तसेच केले तर आम्हांला वळण नाही. नियम भाषेचा असेल तर तो त्यांनाही लागू हवा. मी म्हणाले की ते या भाषेत पाहुणे आहेत आणि तुम्ही घरचे आहात, म्हणून तुमच्याकडून जास्त मागितले जाते. ती म्हणाली की काका नेमके उलटे सांगत आहेत: घरचा आहे म्हणूनच 'तू'. नवऱ्याने तिची बाजू घेतली. धाकट्यासाठी आम्ही जुनाच नियम चालू ठेवला आहे. मुलगीही आजोबांना 'तुम्ही'च म्हणते, पण या सुट्टीपासून ती आजीलाही 'अहो आजी' म्हणू लागली आहे, आणि आजीची तक्रार आम्ही कानाआड करतो आहोत.